हाडजोडीची चटणी

करंजहेटीच्या ठाण्यातल्या कोठडीला केसरबाईच्या घरून डबा जायचा. चौदा वर्षं हेच चाललं होतं. ठाण्याच्या मागे एक गल्ली सोडून तिचं घर. सकाळी दहाच्या सुमारास जमादार श्रावण कुंपणाशी येऊन बोटं दाखवायचा. दोन बोटं म्हणजे दोन डबे, एक बोट म्हणजे एक. नुसता हात हलवला की कोठडी रिकामी. आत कोण आहे, कशासाठी आणलाय, हे केसरबाईने कधी विचारलं नव्हतं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, एखादी भाजी, दोन पोळ्या. घरी जे शिजेल तेच डब्यात जायचं. डब्याच्या झाकणावर तिचं नाव कोरलेलं होतं. नवरा जिवंत असताना त्याने चंद्रपूरच्या भांड्यांच्या दुकानात ते कोरून घेतलं होतं.

घरात ती आणि मुलगी खुशबू, दोघीच. खुशबू पोलीस भरतीची तयारी करायची. दोन वर्षं ती पहाटे डांबरी रस्त्यावर धावली होती. या खेपेला मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव आलं. आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती, आणि ती फाईल याच ठाण्यात आली होती.

एप्रिलच्या एका सोमवारी श्रावणने एक बोट दाखवलं. दुपारी तीनला डबा परत आला तो भरलेलाच. केसरबाईने झाकण काढून पाहिलं. पोळीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"जेवला नाई का, श्रावणभाऊ?"

"भूक नाई म्हणते."

संध्याकाळचा डबाही तसाच आला. मंगळवारी श्रावणला मंत्र्याच्या बंदोबस्ताला पाठवलं होतं. ठाण्यातून निरोप आला, बाईंनीच डबा आणून द्यावा.

ठाण्याच्या फाटकासमोर करंजाचं झाड आहे. त्याखाली एक बाई बसली होती. तिशीच्या आतली, गोंडांच्या पद्धतीने लुगडं नेसलेली, शेजारी एक गाठोडं. डबा पाहून ती उठली.

"बाई, आत कोण हाय?"

"मले नाई माहीत."

"साहेब म्हणते कोणीच नाई. कालपासून तेच म्हणून राह्यला. मंग हा डबा कोणाले नेऊन राह्यली?"

केसरबाई डबा घेऊन आत गेली.

कोठडीत एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचे पाय आधी दिसले. दोन्ही तळवे सुजून गोल झाले होते, जांभळे पडले होते, आणि डाव्या टाचेची कातडी फाटून बाजूला झाली होती. उजव्या हाताची तीन बोटं जिकडे वळायला नको तिकडे वळली होती. पँट ओली होती. वास येत होता.

टेबलाशी मिथुन नावाचा तरुण शिपाई मोबाईल पाहत बसला होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "भरवा लागन बाई. त्याच्या हाताले आज सुट्टी हाय."

"काय केलं यानं?"

"वनखात्याचा कॅमेरा गिळला. वाघाचे फोटो काढते ना, तो. पोट दाबून पाहा, लागते का हाताले."

आतल्या खोलीतून कोणीतरी हसलं.

केसरबाई गजांजवळ बसली. भाताचा लहान घास करून तिने हात आत घातला. माणूस सरपटत जवळ आला. त्याचा खालचा ओठ फुटलेला होता. घास आत गेला तेव्हा त्याने डोळे मिटले.

"नाव काय, बाबू?"

"वारलू."

"तुवा घेतला का कॅमेरा?"

"नाई जी. झाड माह्यं हाय. मोहाचं. माह्या बापानं राखलं, आता मी राखतो, सारा गाव जाणते. त्या झाडाले त्यायनं कॅमेरा बांधला. सायेबानं इचारलं, झाड कोणाचं? मी म्हणलं, माह्यं. तं म्हणते मंग कॅमेराही तूच नेला." तो थांबला. "दुसऱ्याचं झाड म्हणलं असतं तं सुटलो असतो. पण खोटं काऊन सांगू?"

चार घास झाल्यावर त्याने मान हलवली. मग विचारलं, "बाहेर माह्यी बायको हाय का, कमळा?"

केसरबाईने हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागे बूट वाजले. ठाणेदार साहेब उभे होते. साताऱ्याकडचे, बोलणं शुद्ध, आवाज कधी चढत नसे. गावात कोणी त्यांना शिवी देताना ऐकलं नव्हतं.

"केसरबाई, तुमच्या मुलीची फाईल माझ्या टेबलावर आहे बरं का. आठशे मीटर चांगली धावली म्हणे."

"हो साहेब."

"गरिबाची पोर पुढे जाते, मला फार आनंद वाटतो." त्यांनी कोठडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही इथे काही पाहिलंत का?"

"नाई साहेब."

"शाब्बास."

बाहेर येताना केसरबाईने खाली मान घातली होती. करंजाच्या झाडापासून दहा पावलं पुढे गेली, थांबली, परत आली. कमळाकडे न पाहता, जणू डब्याचं झाकण घट्ट करतेय अशी वाकून म्हणाली, "चार घास खाल्ले."

एवढंच बोलून ती घरी गेली. कमळा पुन्हा खाली बसली आणि तिने पदर तोंडात धरला.

केसरबाईच्या कुंपणावर हाडजोडीचा वेल होता. चौकोनी कांड्यांचा, पेरापेरांचा, पानं थोडकीच. या भागात बहुतेक घरी तो असतो. कोणाचं हाड मोडलं, कोणाला मुका मार लागला, की त्याची कोवळी कांडी तोडून आणतात, भाजतात आणि चिंच घालून वाटतात. चिंच चुकवायची नसते. बिनचिंचेची कच्ची कांडी तोंडात गेली तर जीभ आणि घसा असा खाजतो की माणूस रडतो. खुशबू सहा वर्षांची असताना जांभळीवरून पडून तिचा हात मोडला होता, तेव्हा केसरबाईने एकवीस दिवस तिला हीच चटणी चारली होती. त्याच हाताने खुशबू आता गोळाफेकीत पास झाली होती.

दुपारी तिने सात कांड्या तोडल्या. खुशबू पाहत होती.

"कोणाले लागलं आई?"

"हाय एक."

संध्याकाळी ऊन उतरायच्या आधी तिने पातळ भात केला, त्यात चटणी कालवली आणि डबा घेऊन गेली. वारलूला बसता येत नव्हतं. ती गजांतून भरवत होती, तो पडल्यापडल्या गिळत होता. श्वास घेताना त्याची एक बाजू हलत नव्हती.

"हाडजोडी हाय," तो म्हणाला.

"ओळखली?"

"कमळा करते. थे चिंच जास्त टाकते." तो किंचित हसला, तर फुटलेल्या ओठातून रक्त आलं. अर्धा डबा त्याने खाल्ला.

बुधवारी सकाळी श्रावण कुंपणाशी आला. त्याने नुसता हात हलवला.

केसरबाई तशीच ठाण्याकडे निघाली. फाटकात रुग्णवाहिका उभी होती. कमळा रुग्णवाहिकेच्या मागच्या दाराला दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि मिथुन तिची बोटं एकेक करून सोडवत होता.

कागदावर असं आलं की संशयित वारलू कोडापे याला बुधवारी पहाटे साडेपाच वाजता अटक केली, सात वाजता त्याने छातीत दुखत असल्याचं सांगितलं, आणि रुग्णालयात नेताना वाटेत त्याचा मृत्यू झाला. सोमवार आणि मंगळवार कागदावर नव्हतेच. ठाण्यातला भिंतीवरचा कॅमेरा ते तिन्ही दिवस बिघडलेला होता.

आठ दिवसांनी जंगलातला कॅमेरा सापडला. मोहाच्या झाडाखालच्या ओढ्यात, पाचोळ्याखाली पडला होता. पट्टा तुटलेला, कडेला दातांच्या खुणा. आतल्या शेवटच्या फोटोत अस्वलाचं नाक होतं. वनरक्षकाने तो फोटो चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवला. लोक हसले. अस्वल मोहफुलं खायला आलं असेल आणि चमक पाहून चिडलं असेल, असं ठरलं. वारलूच्या गावाला कोणी काही कळवलं नाही.

कोठडीतला मृत्यू म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागली. कमळाच्या गावची माणसं वकिलाकडे गेली होती. वकिलाने विचारलं, सोमवारपासून तो आत होता हे सांगणारं कोण आहे? कमळा म्हणाली, डबेवाली बाई आहे.

समन्स आलं त्याच दिवशी दुपारी श्रावण केसरबाईकडे आला. नेहमी कुंपणाबाहेर उभा राहणारा माणूस ओसरीवर बसला.

"बाई, काय सांगाचं ठरवलं?"

"जे झालं थे."

"झालं थे कोणालेच नाई सांगा लागत. बुधवारी सकाळी एक डबा दिला, एवढं सांगजा. खुशबूच्या फाईलवर साहेब सही करून राह्यले. पेन हातात हाय असं समजा."

"तू तं सोमवारीच बोट दाखवलं होतं ना, भाऊ."

श्रावणने आपल्या हाताकडे पाहिलं. "माह्यी चार वर्षं राह्यली नोकरीची," तो म्हणाला. "मी बोट दाखवलं नाई. तुमाले तसं वाटलं असन."

तो गेल्यावर खुशबू बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. पायात धावायचे बूट होते.

"तू सांगितलं तं माह्यं सिलेक्शन गेलं," ती म्हणाली.

"हो."

"दोन वर्षं धावली मी आई."

"माहीत हाय मले. सकाळी चहा कोण करे?"

खुशबू पायरीवर बसली. तिने विचारलं, "त्याचे पाय खरंच तसे होते?"

केसरबाईने सांगितलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. टाचेची कातडी कशी बाजूला झाली होती, तेही सांगितलं. खुशबूने बूट काढले, मोजे काढले आणि आपले तळवे पाहत राहिली. मग उठून आत जाताना म्हणाली, "सांग. भरती दरसाल निघते."

न्यायदंडाधिकारी एक तरुण बाई होत्या. चष्मा, साधी सुती साडी, बोलणं नम्र. त्यांनी केसरबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं. खोलीत टंकलेखक, कमळाचा वकील आणि ठाणेदारांचा वकील. कमळा बाहेर बाकावर होती.

केसरबाईने क्रमाने सांगितलं. सोमवारी दोन डबे गेले, दोन्ही भरलेले परत आले. मंगळवारी ती स्वतः गेली, पाय पाहिले, बोटं पाहिली, सकाळी चार घास, संध्याकाळी अर्धा डबा. मारलं कोणी ते तिने पाहिलं नव्हतं, म्हणून ते सांगितलं नाही.

"संध्याकाळी डब्यात काय होतं?" बाईंनी विचारलं.

"पातळ भात अन् हाडजोडीची चटणी."

"हाडजोडी म्हणजे?"

माहिती नसलेल्या कोणी विचारलं की केसरबाईला नीट समजावून सांगायची सवय होती. तिने कांडी कशी असते ते बोटांनी दाखवलं. कोणती तोडायची, कोणती सोडायची, भाजायची किती, तेही सांगितलं. "अन् चिंच लागतेच, बाई. बिनचिंचेची कच्ची खाल्ली तं घसा धरते. बोलता येत नाई माणसाले." टंकलेखकाची बोटं चालू होती. बाई मान हलवत होत्या. त्यांना खरोखर नवं काही कळत होतं.

ठाणेदारांच्या वकिलाने दोनच प्रश्न विचारले.

"ही चटणी तुम्ही स्वतः केली?"

"हो जी."

"डॉक्टरला विचारून?"

"घरचं औषध हाय. डॉक्टरले काय विचाराचं?"

"धन्यवाद."

बाहेर आल्यावर कमळाने तिचा हात धरला. दोघी रसवंतीवर बसून उसाचा रस प्यायल्या. केसरबाईला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. कमळा म्हणाली, "चिंच किती टाकली होती वं?" केसरबाईने चिमटीने दाखवलं. "कमी टाकली," कमळा म्हणाली, आणि दोघींना रडू आलं.

अहवाल पावसाळा संपताना आला. खुशबूने तो वकिलाच्या ओट्यावर बसून वाचला. एकदा मनात, एकदा आईला मोठ्याने.

डबा पुरवणारी महिला सद्हेतूने बोलत असल्याचं दिसतं, असं त्यात लिहिलं होतं. मात्र ती अल्पशिक्षित आहे आणि वर्षानुवर्षं रोज डबे देत असल्याने वारांबाबत तिची गल्लत झाली असावी. अटकेची वेळ ठाण्याच्या नोंदवहीप्रमाणे बुधवारचीच मानावी लागते. शरीरावरच्या जखमा अटकेपूर्वी झाडावरून पडून झालेल्या असू शकतात. मृत इसम मोहफुलं वेचण्याचं काम करीत असे. तथापि सदर महिलेने मृतास एक जंगली वनस्पती, डॉक्टरी सल्ल्याविना, स्वतःच्या हाताने खाऊ घातल्याचं स्वतः कबूल केलं आहे. ही वनस्पती घशास अपायकारक असल्याचंही तिनेच सांगितलं आहे. व्हिसेराचा तपासणी अहवाल अप्राप्त. या दिशेने अधिक तपास व्हावा.

"म्हणजे काय?" केसरबाईने विचारलं.

वकील म्हणाला, "म्हणजे बाई, तुमचा मंगळवार त्यांनी मानला नाही, आणि तुमची चटणी मानली."

"पण चटणी मंगळवारीच दिली ना मी."

"आता ती बुधवारी दिली."

तिसऱ्या दिवशी पोलीस घरी आले. पंचांसमोर त्यांनी कुंपणावरचा हाडजोडीचा वेल मुळासकट उपटला आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरला. स्वयंपाकघरातून डबा घेतला, त्याला दोरा बांधला, लाख लावली, चिठ्ठी चिकटवली. झाकणावरचं नाव पंचनाम्यात उतरवून घेतलं, म्हणजे डबा कोणाचा याबद्दल शंका राहायला नको. खुशबूची फाईल त्याच आठवड्यात वर गेली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, कुटुंबातील व्यक्तीवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल.

सोमवारी सकाळी श्रावण येऊन म्हणाला, "बाई, साहेबांनी बोलावलं. पाच मिनिटांचं काम हाय." खुशबू नळावर पाणी भरायला गेली होती. केसरबाईने भाताखालचा गॅस बारीक केला आणि तशीच गेली.

तिला कोठडीत नेलं नाही. मागच्या खोलीत नेलं, जिथे जुन्या मोटारसायकली आणि जप्तीचा माल ठेवतात. स्टुलावर महिला शिपाई रीता बसली होती. ठाणेदार साहेब उभे होते. टेबलावर ती प्लास्टिकची पिशवी होती. वेल आत पिवळा पडायला लागला होता, पण काही कांड्या अजून हिरव्या होत्या.

"बसा केसरबाई," ते म्हणाले. "मॅडमना तुम्ही फार छान समजावलंत. आम्हाला कोणी समजावलंच नाही. औषध आहे ना हे?"

"हो साहेब."

"मग त्याने माणूस मरत नाही."

"नाई साहेब. तो मारानं मेला."

रीताने तिच्या तोंडात मारली. फार जोरात नाही, जसं लेकराला गप्प करतात तशी. ठाणेदारांनी हात वर करून तिला थांबवलं.

"मारू नका. आपण मारत नाही." त्यांनी पिशवीतून एक कांडी काढली, पेराशी मोडली आणि टेबलावर ठेवली. "खा."

"चिंच पाह्यजे साहेब."

दारात उभा असलेला मिथुन हसला. "चिंच मागते. शेवही आणू का वरून?"

"औषध आहे म्हणालात," ठाणेदार म्हणाले. "सहीनिशी म्हणालात. खा."

रीताने तिचे केस मागून धरले. पहिली कांडी केसरबाईने स्वतः चावली. दुसरी रीताने कोंबली. तिसरीला मिथुनने जबडा धरला. आधी जिभेवर मुंग्या आल्या, मग गालांच्या आतून काटे टोचल्यासारखे झाले, मग घसा आतून बंद होत गेला. ती खोकत राहिली. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं. तिने पाण्याच्या माठाकडे बोट दाखवलं. रीताने माठ उचलून बाहेर नेला.

"हिची नोंद?" मिथुनने विचारलं.

"कसली नोंद? आली कुठे अजून?" ठाणेदार म्हणाले आणि जेवायला गेले.

खोलीला एक लहान झरोका होता, फाटकाच्या बाजूला. दुपारी त्यातून खुशबूचा आवाज आला.

"श्रावणकाका, माही आई आत हाय का?"

"इथी कोणी नाई, पोरी."

"तुमीच नेलं तिले. शेजारच्यांनी पाहिलं."

"आली होती. गेली मघाच."

"कुठी गेली?"

"थे मले काय माहीत? घरी पाह्य."

केसरबाईने झरोक्याकडे तोंड केलं. सगळा जोर लावून हाक मारली. घशातून फक्त वारा आला, बाजूच्या खोलीतल्या रीतालाही ऐकू गेला नाही. तिने भिंतीवर हात आपटला. भिंत जाड होती.

मग बाहेर दुसरा आवाज आला. कमळाचा. शवविच्छेदनाच्या कागदासाठी ती दर सोमवारी यायची आणि दर सोमवारी तिला पुढच्या सोमवारी बोलावत.

"त्यायले इचारू नको," कमळा सांगत होती. "त्यायचं तोंड असंच हाय. ये, इथी बस माह्याजवळ."

"काकू, आई आत हाय का नाई?"

"बस. डब्याची टाईम होऊ दे. डबा आत गेला तं समज."

दोघी करंजाच्या झाडाखाली बसल्या. कोठडीचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं, ते रस्त्यावरूनही दिसत होतं. दोन वाजता बसस्टँडजवळच्या हॉटेलातला पोऱ्या सायकलवरून आला. केसरबाईचा डबा बंद झाल्यापासून ठाण्यातल्या कैद्यांचं जेवण तिथूनच यायचं. हँडलला एक पिशवी अडकवलेली. श्रावण फाटकापर्यंत आला. झाडाकडे न पाहता त्याने पिशवी घेतली आणि मागच्या खोलीकडे वळला.

"एकच हाय," खुशबू म्हणाली.

"हो," कमळा म्हणाली. "आता परत भरलेली येते का थे पाह्य."

चार वाजता पिशवी परत आली. गाठ सोडलेलीसुद्धा नव्हती.